श्यामरावांचा मुक्काम

घरात सांगाडा ठेवायचा झाला तर त्याचं तोंड कोणत्या दिशेला करावं, याबद्दल आमच्या इमारतीत तीन मतं आहेत. पहिल्या मजल्यावरचे अरुणबाबू लाहिडी म्हणतात, दक्षिणेला करा, तो माणूस गेला त्याच दिशेला, त्याला ओळखीचं वाटेल. त्यांच्या पत्नी म्हणतात, कुठेही करा, पण आमच्या जिन्याकडे नको. आणि आमचा दरवान म्हणतो की मुळात आणूच नका. मला एकट्यालाच या बाबतीत मत नव्हतं. मला फक्त सांगाडा हवा होता.

कोणताही सांगाडा नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण बालीगंजमध्ये गैरसमज पायी निघाला तरी लवकर पोचतो आणि खुलासा ट्रामनं येतो, आणि ट्राम आता जवळजवळ बंदच झाल्या आहेत. मला हवे होते ते श्यामराव. माझी बायको शैला ज्या मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची, त्या शाळेच्या प्रयोगशाळेत खिडकीपाशी एका लोखंडी दांड्याला लटकवलेला सांगाडा. हे नाव शैलानंच ठेवलं. अख्ख्या शाळेत मराठी माणूस एकटीच, हे तिला बरं वाटेना, म्हणून तिनं परस्पर दुसऱ्याची नेमणूक केली.

शैला जन्मानं इथलीच. तिच्या आजोबांनी या शहरात वकिली केली, वडिलांनी कॉलेजात गणित शिकवलं, आणि ती स्वतः मासळीबाजारात असं बांगला बोलायची की कोळीण तिला 'दीदी' म्हणायची आणि मला गिऱ्हाईक. मी बदलीवर आलेला. केंद्र सरकारच्या ज्या खात्यात इतर खात्यांचे हिशेब तपासतात, त्या खात्यात. थोड्या काळासाठी आलो, लग्न केलं, आणि त्यानंतर बदलीचा हुकूम आला की शैला शांतपणे म्हणायची, "तुम्ही जाऊन या." मी अर्ज करून हुकूम रद्द करून घ्यायचो. अशा रीतीनं माझं वय इथेच वाढलं.

शैलाला जाऊन या थंडीत दोन वर्षं झाली. आजारपण लांबलं नाही. कुठलीच गोष्ट लांबवायची तिला सवय नव्हती.

आता तुम्ही विचाराल की बायकोची आठवण म्हणून लोक फोटो लावतात, तुम्ही सांगाडा का आणता? प्रश्न योग्य आहे. शौनकनंही तो विचारला होता. शौनक माझा मुलगा, हैदराबादला असतो, आणि माझ्याशी मराठीतच बोलतो, पण ते मराठी आधी इंग्रजीत शिजून मग वाढलेलं असतं. "बाबा, याचा पॉइंट काय आहे?" असं तो म्हणाला. मी म्हटलं, "पॉइंट नाही, माणूस आहे." त्यावर मी नीट झोपतो का, असं त्यानं विचारलं.

पॉइंट असा होता. शैला दिवसभर वर्गात बोलायची. संध्याकाळी घरी यायची ती घसा बसवूनच. चहाचा कप हातात घेऊन ती खुर्चीत टेकायची आणि एक बोट वर करायची. एक बोट म्हणजे आज बोलणं नाही. दोन बोटं म्हणजे आमटी गरम करा. सकाळी ती आणि मी दोघंही घाईत. रविवारी ती वह्या तपासायची. म्हणजे सगळा हिशेब मांडला तर माझ्या बायकोच्या बोलण्यातला मोठा वाटा, आणि त्यातही मराठीचा चांगलाच भाग, श्यामरावांकडे गेला. मुली जायच्या, ती प्रयोगशाळा आवरायची, आणि आवरताना त्यांच्याशी बोलायची. हे तिनंच मला सांगितलं होतं. "काय बोलतेस?" मी विचारलं. "तुम्हाला नाही ऐकू यायचं," ती म्हणाली, आणि एक बोट वर केलं.

आता आमच्या घरात मराठी फक्त मी बोलतो, तेही कुकरशी. तेव्हा जिनं इतकं सांगितलं ती नसेल, तर ज्यानं इतकं ऐकलं तो तरी घरात असावा, इतकीच माझी मागणी होती. माझ्या मते ती फार नव्हती.

शैला हाडांबद्दल बोलायची तेव्हा मात्र घसा बसलेला असला तरी बोलायची. मी एकदा हाडाला काठी म्हणालो. ती उठून बसली. "काठी काय? अहो, हाड जिवंत असतं. आत मज्जा असते, तिथे रक्त तयार होतं. अंगाला कॅल्शियम कमी पडलं तर हाड स्वतःतलं काढून देतं, आणि बोलून दाखवत नाही." वरून वाळलेल्या दिसणाऱ्या गोष्टीच्या आत सतत काहीतरी तयार होत असतं, हे ऐकून त्या काळात मला आमच्या खात्याबद्दलही थोडी आशा वाटू लागली होती.

तिच्याबद्दल माझी एकच जुनी तक्रार होती, ती इथे नोंदवून ठेवतो. तिनं कधी उखाणा घेतला नाही. लग्नात सगळ्यांनी धरलं, तर म्हणाली, "नाव घ्यायला ते काय हरवलेत?" दर संक्रांतीला इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात बायका तिला घेरायच्या. एका वर्षी ती म्हणाली, "मनगटातली आठ हाडं सांगते, चालेल?" आणि सांगितली. बायकांनी टाळ्या वाजवल्या, वाण दिलं. मी सभागृहाच्या दाराशी तिळगुळाची पिशवी धरून उभा होतो. मी तिला मदत म्हणून एकदा स्वतः उखाणा रचूनही दिला होता. 'दिनकररावांचं नाव घेते' असा शेवट होता, यमक निर्दोष होतं. तिनं तो वाचला, खाली लाल शाईनं 'पुन्हा लिहा' असं लिहिलं आणि परत दिला. माणसाला आपलं नाव एकदा तरी यमकात ऐकावंसं वाटतं. असो.

गेल्या महिन्यात गडियाहाटच्या बाजारात मला कालिंदी भेटली. कालिंदी शैलाची जुनी विद्यार्थिनी, आता शैलाच्याच जागी शिकवते. हातात फुलकोबी होता आणि चेहरा पडलेला.

"काकू," ती म्हणाली. या शहरात पुरुषालाच काकू म्हणतात. कितीही वर्षं झाली तरी मी प्रत्येक वेळी मागे वळून कोण बाई आली ते बघतो. "काकू, श्यामरावांना काढणार आहेत. आता भिंतीवर मोठा पडदा आलाय. बटण दाबलं की सांगाडा फिरतो. बडदी म्हणतात, मग हा कशाला?"

बडदी म्हणजे मुख्याध्यापिका. माझ्या हातातली पिशवी जड झाली. इतकी वर्षं नोकरी केलेल्या माणसाला असं एका पडद्यापायी काढतात, हे मला खात्यातही पटलं नव्हतं.

मी रीतसर अर्ज लिहिला. तीस वर्षांत मी हजारो अर्ज वाचले, त्यामुळे कसा लिहू नये हे मला उत्तम ठाऊक आहे. लिहिलं की, 'माझ्या पत्नीचे पंचवीस वर्षांचे सहकारी श्री. श्यामराव यांना आपल्या संस्थेत आता काम उरले नसल्याने त्यांना माझ्या घरी नेण्याची अनुमती मिळावी.' शाळेचे हेडक्लार्क, ज्यांना सगळे बडाबाबू म्हणतात, त्यांनी तो अर्ज कपाळाला चष्मा लावून वाचला.

"श्यामराव कोणत्या विभागात?"

"प्रयोगशाळेत."

"त्यांच्या निवृत्तीचे कागद आमच्याकडे नाहीत."

"नसतीलच. ते सांगाडा आहेत."

बडाबाबूंनी माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. "ते आम्ही सगळेच होतो हो, नोकरीच्या शेवटी. पण ते कायम होते की हंगामी?"

खुलासा व्हायला चहाचे दोन कप लागले. मग प्रकरण बडदींच्या खोलीत गेलं. बडदी अतिशय सभ्य बाई. त्यांनी आधी शैलाबद्दल चार शब्द सांगितले, डोळे टिपले, आणि मग नियम काढला. पटवर्धन हे नाव इथल्या तोंडी असं गोल होतं.

"अडचण एकच आहे, पोटोबोर्धनबाबू. हा सांगाडा खरा आहे की प्लास्टिकचा, हे कोणालाच माहीत नाही. शाळेत तो माझ्याआधीपासून आहे. खरा असेल तर तो माणूस आहे, आणि शाळेला माणूस कुणाला देता येत नाही. प्लास्टिकचा असेल तर तो फर्निचर आहे, आणि फर्निचर लिलावाशिवाय देता येत नाही."

इतकी निर्दोष अडचण मी आमच्या खात्यातही पाहिली नव्हती. मला क्षणभर त्यांचा हेवा वाटला.

एके काळी या शहरातून निम्म्या जगाच्या वैद्यकीय कॉलेजांना सांगाडे जायचे, त्यामुळे इथे प्रत्येकाचा कोणी ना कोणी मामा त्यातला जाणकार असतो. अरुणबाबूंचा मामा नव्हता, म्हणून ते स्वतःच शाळेत आले. अरुणबाबू रेल्वेतून निवृत्त झाल्यावर होमिओपथीत शिरले. त्यांनी श्यामरावांची बरगडी पेनानं वाजवली, नाक जवळ नेऊन वास घेतला, नडगीवर अंगठा दाबला आणि मग गंभीरपणे मला विचारलं, "यांना थंडी सोसत नाही की उकाडा?"

"का?"

"प्रकृती कळल्याशिवाय कसं सांगू?"

शेवटी त्यांचं मत पडलं की कवटी खरी असावी, फासळ्यांबद्दल शंका आहे, आणि काही असलं तरी आर्निका द्यायला हरकत नाही. बडदींनी ते ऐकून घेतलं आणि मला पोलिसांची ना हरकत आणायला सांगितली.

ठाण्यातले दारोगा तरुण होते आणि माझ्यासमोर जाडजूड बाड उघडून बसले होते. "नाव?"

"दिनकर विष्णू पटवर्धन."

"मृताचं?"

"नाही, माझं. त्यांचं श्यामराव."

"वडिलांचं नाव?"

"माझ्या की त्यांच्या?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "दादा, तुम्हाला हरवल्याची तक्रार द्यायचीय की सापडल्याची?"

"तक्रार नाहीच. ना हरकत हवी."

"कोणाची हरकत आहे?"

"कोणाचीच नाही."

"मग ना हरकत कशाला?"

हाच युक्तिवाद वापरून मी आयुष्यभर लोकांना परत पाठवलं. तो स्वतःवर आला की किती खणखणीत वाजतो, हे मला त्या दिवशी कळलं. दारोगांनी चहा मात्र दिला, आणि उठताना आपल्या आईच्या कंबरेच्या मणक्याला कोणता डॉक्टर बरा, असं विचारलं. मी अरुणबाबूंचं नाव सांगितलं. सूड घ्यायची संधी माणसानं सोडू नये.

मार्ग शेवटी कालिंदीनं काढला. श्यामरावांच्या उजव्या गुडघ्याची तार तुटली होती आणि नडगी लोंबत होती. "बडदी, काकूंना हा दुरुस्तीला नेऊ द्या ना. परत करायच्या बोलीवर." परत करायची वस्तू खरी की प्लास्टिकची याच्याशी नियमाला देणंघेणं नव्हतं. बडदींनी मान हलवली. कालिंदी माझ्याकडे बघून हसली नाही, पण न हसण्यासाठी तिला बरेच कष्ट पडले.

शाळा घरापासून लांब नाही, पण सांगाडा खांद्यावर घेऊन बालीगंजमधून चालत जाणं माझ्या हुद्द्याला शोभलं नसतं. टॅक्सी केली. जानेवारीची हवा. अरुणबाबू म्हणाले की असं उघडं नेणं बरं दिसत नाही, आणि त्यांनी स्वतःची माकडटोपी श्यामरावांना चढवली. या शहरात पारा जरा उतरला की अर्धे लोक माकडटोपीतून जगाकडे बघतात, त्यामुळे श्यामराव लगेच स्थानिक दिसू लागले. वर माझा रेनकोट, गळ्याला मफलर. मागच्या सीटवर मधे ते, दोन बाजूंना आम्ही दोघं.

टॅक्सीवाला बिहारचा, प्रेमळ माणूस. आरशात बघून म्हणाला, "दादाजी बहुत कमजोर हो गए हैं."

"हाँ," अरुणबाबू म्हणाले.

"खाते कुछ नहीं?"

"बहुत दिन से नहीं."

त्यानं गाडी हळू घेतली. खड्डा आला की "सँभालिए" म्हणायचा. त्याचे सासरे असेच झाले होते, मग रोज पपई चालू केली आणि आता शेतात जातात, असं त्यानं सांगितलं. गडियाहाटच्या चौकात एकदम ब्रेक लागला, श्यामराव पुढे झुकले आणि त्यांचा जबडा उघडला.

"देखिए," टॅक्सीवाला मागे वळून हळूच म्हणाला, "कुछ बोलना चाहते हैं."

मी कान पुढे केला. हे सांगायला मला लाज वाटते, पण केला. मग सिग्नल सुटला, मागच्या बसनं हॉर्न दिला, आणि जबडा आपोआप मिटला.

आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, पण ती मिटवून बसवता येईल अशांसाठी. श्यामराव जिन्यानंच गेले. दुसऱ्या वळणावर त्यांचा पाय माझ्या दोन पायांत आला आणि मी खाली बसलो. त्यांचा गुडघा दुरुस्त करायला आणला होता, माझाही गेला. अरुणबाबूंनी खिशातून दोन पांढऱ्या गोळ्या काढून माझ्या जिभेवर ठेवल्या आणि, समभावानं, दोन श्यामरावांच्या दातांतून आत टाकल्या. त्या फासळ्यांतून गळून जिन्यावर टपटप पडल्या.

बैठकीत, शैलाच्या खुर्चीसमोर, खिडकीपाशी मी त्यांना उभं केलं. तारेनं गुडघा बांधला. माझ्याही गुडघ्याला पट्टा बांधला.

पुढचे काही दिवस आमचं घर धर्मार्थ दवाखाना झालं. अख्खा पाडा, म्हणजे सगळा शेजार, आला. बंगाली माणसाला दुखणं असतंच, त्याला फक्त दाखवायला जागा हवी असते, आणि ती आता मिळाली होती. लाहिडीबाईंनी श्यामरावांच्या कंबरेवर बोट ठेवून आपल्या यजमानांना दाखवलं, "हे बघा, इथे. रोज सांगते, इथे." दरवानानं मानेचा मणका पसंत केला. कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्यानं टाच धरली. एक वयस्क गृहस्थ श्यामरावांच्या खुब्याकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "असा सरळ होता माझा. पडलो त्याआधी." आणि काठी टेकत गेले. हाडं शरीराला आधार देतात असं पुस्तकात आहे. सगळी गल्ली श्यामरावांना धरून उभी होती, तेव्हा मला ते समजलं.

पण माझं काम झालं नाही. माणसं गेली की मी चहाचे दोन कप करायचो, कारण एकच करायची मला अजून सवय नाही, आणि श्यामरावांसमोर बसायचो. ते बोलणार नाहीत हे मला माहीत होतं. मी हिशेबतपासनीस आहे, खुळा नाही. पण आपल्या माणसाचा इतका सहवास ज्याला लाभला त्याच्याजवळ बसलं की थोडंफार आपल्याकडेही येईल, असं वाटलं होतं. दुपारचं ऊन त्यांच्या फासळ्यांतून यायचं आणि शैलाच्या रिकाम्या खुर्चीवर पट्ट्या पडायच्या. तेवढंच.

एकदा मी शैलाचं भिंग घेऊन त्यांचा कान तपासला. अंगातलं सगळ्यांत लहान हाड कानात असतं, तांदळाच्या दाण्याहून लहान, आवाज आत पोचवायचं काम त्याचं. शैलानं सांगितलेलं. श्यामरावांच्या दोन्ही कानांत ते नव्हतं. केव्हा हरवलं देव जाणे. म्हणजे एवढी वर्षं ती बोलली आणि यांना काही ऐकू गेलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं आणि प्रथमच मला त्यांचा हेवा वाटला नाही. आम्ही दोघं एकाच खात्यातले निघालो.

आणि मग शाळेचा पडदा बंद पडला. पडद्यावरचा सांगाडा फिरता फिरता उलटा झाला आणि तसाच राहिला. डोकं खाली. दुरुस्तीचा माणूस सियालदहहून निघालाय असं रोज कळायचं, पोचत मात्र नव्हता. इकडे मुलींच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक येणार. बडदींचा फोन आला. श्यामराव उद्याच परत हवेत. आणि सर्व हाडं आहेत याची खात्री करून घेऊन मगच ताब्यात घेतले जातील, 'रागावू नका, नियम आहे.'

रागावलो. आयुष्यभर मी लोकांच्या वस्तू मोजल्या, आणि आता माझ्या घरी येऊन माझ्यावर मोजणी!

शनिवारी दुपारी कालिंदी आली, बरोबर नववीतल्या दोन मुली, एक चष्मेवाली आणि एक दोन वेण्यांची. मी त्यांना नाडू, म्हणजे इथले नारळाचे लाडू, दिले, कडक चेहरा ठेवला, आणि म्हटलं, "मोजा. पूर्ण मोजा. मी समोर बसून बघणार." बघायला चष्मा हवा होता. तो टेबलावर नव्हता, खिशात नव्हता, फ्रिजवर नव्हता. मी शोधत राहिलो आणि मुलींनी सुरुवात केली.

चष्मेवालीनं श्यामरावांच्या डोक्यावर हात ठेवला आणि शाळेत पाढे म्हणतात त्या सुरात म्हणाली,

"कवटीच्या डब्यात मेंदू ठेवला जपून,
दिनकररावांचा चष्मा बसला डोक्यावरच लपून."

उच्चार सगळे गोल, 'दिनोकोर' म्हणत होती. पण मराठी. माझा हात फ्रिजवर होता, तो तिथेच राहिला. मग तो हळूच माझ्या डोक्यावर गेला. चष्मा तिथे होता.

"आहे," कालिंदी म्हणाली. म्हणजे कवटी. "पुढे."

दोन वेण्यांची पाठीवरून बोट खाली नेत गेली.

"तेहतीस मणक्यांची पाठीला माळ,
दिनकरराव वाकत नाहीत, सांडली तरी डाळ."

"मांडीचं हाड अंगात सगळ्यांत लांब,
दिनकरराव निघाले बाजारात, पिशवी म्हणते थांब."

दोघी मिळून घाईघाईनं म्हणत होत्या, हाडाला हात लावत, एकाही शब्दाचा अर्थ न कळता, एकही शब्द न चुकवता. कानापाशी आल्या.

"कानातलं हाड इवलं, तांदळाहून लहान,
दिनकररावांना हाक मारली, पेपरात घातली मान."

मी खुर्चीत बसलो. शैलाच्या खुर्चीत. आजवर बसलो नव्हतो.

"हे काय आहे?" मी विचारलं. आवाज नीट आला नाही, घसा बसल्यासारखा आला.

"हाडांचे मंत्र, काकू," कालिंदी म्हणाली. "आम्ही शाळेत होतो तेव्हापासून आहेत. दीदी म्हणायच्या, कळणाऱ्या भाषेत पाठ केलं की मन अर्थामागे पळतं. सरस्वतीपूजेचा मंत्र तरी आम्ही कुठे समजून म्हणतो? हाडाला हात लावायचा आणि म्हणायचं. कुणी कधी विसरलं नाही. माझी वर्गमैत्रीण आता दमदमला हाडांची डॉक्टर आहे, ती अजून मनात म्हणते."

"आणि हे दिनकरराव?" मी म्हटलं.

"शास्त्रज्ञ," चष्मेवाली तत्काळ म्हणाली. "हाडांचा शोध लावणारे. मी सहामाहीत लिहिलं होतं, पण मार्क कापले."

"मी दीदींना एकदा विचारलं होतं," कालिंदी सांगू लागली. "त्या म्हणाल्या, दिनकरराव हा फार मोठा विषय आहे, माझा अजून अभ्यास चालू आहे." ती थांबली. दारावरच्या पाटीवर फक्त डी. व्ही. लिहिलंय. तिनं पाटीकडे पाहिलं नाही. ती माझ्या डोक्यावरच्या चष्म्याकडे बघत होती, जो मी अजून खाली घेतला नव्हता.

दोन वेण्यांची मुलगी आता फासळ्यांपाशी आली होती. तिनं एक तळवा श्यामरावांच्या छातीवर ठेवला आणि दुसरा स्वतःच्या. तशीच रीत असावी.

"बरगड्यांच्या बारा जोड्या, आत काळजाचं घर,
दिनकररावांचं नाव घेते हात ठेवून छातीवर."

खाली गल्लीत कुणीतरी भांडी विकत चाललं होतं. मुली माझ्याकडे बघत उभ्या होत्या.

"बरोबर आहेत ना, काकू?" चष्मेवालीनं विचारलं. "बारा जोड्या. मोजल्या."

बरोबर होत्या. मी स्वतः आदल्या दिवशी दोनदा मोजून ठेवल्या होत्या. नोकरीत मी न जुळणारा हिशेब कधी जुळला म्हणून सांगितला नाही, आणि जुळलेला कधी जुळत नाही म्हणूनही सांगितला नाही.

"नाही," मी म्हटलं. "बरगड्या जुळत नाहीत. एक कमी वाटते."

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं, मग कालिंदीकडे. कालिंदीनं पदराचं टोक नाकाशी नेलं आणि खिडकीबाहेर बघितलं.

"काकू म्हणतात ना कमी आहे," ती म्हणाली. "पुन्हा मोजा. आणि सावकाश म्हणा. अगदी सावकाश."